अजनीचे चाबीवाले: माझे बाबा

अजनीची लेक

सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

यंदा जानेवारीत माझे बाबा गेले. वय 73. रात्री जेवले, आईच्या गुडघ्यांना तेल लावून दिलं, झोपले आणि पहाटे उठले नाहीत. पुण्यानुमोदनाला चार जण बोलले. कष्टाळू होते, शांत होते, संसारी होते असं म्हणाले. सगळं खरं आहे, पण तेवढ्यात कोणाचेही बाबा बसतात. माझ्या बाबांनी काय काय केलं आणि कसं केलं ते मला लिहून ठेवायचं आहे. लांब होईल, सांभाळून घ्या.

बाबा मध्य रेल्वेच्या नागपूर विभागात चाबीवाले होते. ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. आपण ज्या रुळांवरून झोपेत प्रवास करतो, ते रूळ रोज एक माणूस पायी चालत पाहून येतो. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा आणि पाना, पिशवीत दोन लाल झेंड्या, एक हिरवी झेंडी आणि धोक्याचे फटाके. सहा-सात किलोमीटरची बीट. जाताना एक रूळ पाहायचा, येताना दुसरा. रूळ धरून ठेवणारी चाबी ढिली असेल तर ठोकायची, बोल्ट आवळायचा, कुठे तडा दिसतो का ते पाहायचं. सुरुवातीला बाबा बुटीबोरी-गुमगावच्या बाजूला होते, नंतर अजनीला आले. 1973 साली रोजंदारीवर रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमध्ये लागले आणि 2011 मध्ये निवृत्त झाले. मधल्या वर्षांत रुळांखालचे लाकडी आणि बिडाचे स्लीपर जाऊन सिमेंटचे आले, चाब्यांच्या जागी क्लिपा आल्या, पण लोक बाबांना शेवटपर्यंत चाबीवालेच म्हणायचे.

नागपूरचं ऊन मी वेगळं सांगायला नको. मे महिन्यात पारा 45 च्या वर गेला की आपण कूलरसमोरून हलत नाही. त्याच वेळी रूळ तापून प्रसरण पावतात, वाकायचा धोका असतो, म्हणून दुपारी रुळांवर जास्त लक्ष ठेवावं लागतं. थंडीत उलटं. रूळ आखडतो आणि पहाटे तडकतो. म्हणजे ज्या वेळी बाकी माणसं घरात थांबतात, नेमकी ती बाबांच्या कामाची वेळ. डोक्याला ओला दुपट्टा, खिशात कांदा आणि खांद्याला छागल, असे ते निघायचे.

छागलीबद्दल लिहायलाच हवं. कॅनव्हासची पाण्याची पिशवी असते ती. पाणी हळूहळू झिरपून बाहेरचं कापड ओलं राहतं आणि आतलं पाणी गार होतं. बाबांच्या छागलीला लाकडी बूच होतं आणि सुतळीने बांधलेला पट्टा. मी शाळेत जायला लागले तेव्हा बाबांनी रेल्वेतल्या एका दादाकडून जुन्या कॅनव्हासचा तुकडा आणला आणि आईने मशीनवर माझ्यापुरती छोटी छागल शिवली. पहिल्या दिवशी बाबा वर्गापर्यंत आले. बाईंना म्हणाले, ‘हिला पाणी प्यायला आणि लघवीला अडवू नका. लागन तवा जाऊ द्या. ते हिचं औषध आहे.’

कारण मला सिकलसेल आहे, आई-वडिलांकडून येणारा रक्ताचा आजार. एसएस पॅटर्न, म्हणजे दोघांकडूनही आलेला. विदर्भात हा आजार घरोघरी ऐकू येतो, पण 1980 च्या दशकात आमच्या वस्तीत कोणाला त्याचं नाव माहीत नव्हतं. मी तान्ही असताना हातापायांचे पंजे सुजायचे, रात्र-रात्र रडायचे. कोणी म्हणे नजर लागली, कोणी म्हणे आईचं दूध लागत नाही. शेवटी बाबा मला मेडिकलला, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात घेऊन गेले. रक्त तपासलं तेव्हा कळलं की मी एसएस, आई एएस, बाबाही एएस, म्हणजे दोघंही नुसते वाहक.

तो रिपोर्ट आल्यावर घरात जे झालं ते मला आईने सांगितलं आहे. नातेवाईक जमले. एक आजी आईला म्हणाली, ‘तुह्याच रक्तात खोट आहे.’ आई काही बोलली नाही. बाबा उठले, स्वयंपाकघरातून ताट आणलं आणि त्यात तांदळाचे आणि तुरीच्या डाळीचे दाणे ठेवले. एका बाजूला एक तांदूळ, एक डाळ. ‘ही इची आई.’ दुसऱ्या बाजूला तसंच. ‘हा मी.’ मग एकेक दाणा उचलून खाली जोड्या लावल्या: तांदूळ-तांदूळ, तांदूळ-डाळ, डाळ-तांदूळ, डाळ-डाळ. शेवटच्या जोडीवर बोट ठेवून म्हणाले, ‘पोरीले हे आलं. एक दाणा माहा, एक इचा. एकटीच्या नावावर कोणी लावायचं नाही.’ मेडिकलमधल्या डॉक्टरांनी कागदावर काढून समजावलं होतं, ते त्यांनी लक्षात ठेवून घरी दाण्यांनी मांडलं. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. त्यानंतर त्या घरात आईला कोणी बोललं नाही.

बाबांबद्दल मला जे सांगायचं आहे ते या ताटात आहे. दोष निम्मा आपला म्हणून चार लोकांत सांगितला आणि पुढचं काम मात्र निम्मं मोजलं नाही.

बाकी नंतर लिहिते. आई हाक मारते आहे.

---

गोधनी पॅसेंजर

ताई, भावपूर्ण आदरांजली. तांदूळ-डाळीचं वाचून मी फोन बाजूला ठेवला आणि थोडा वेळ बसून राहिलो. पुढचं नक्की लिहा.

---

रेल्वेतला जुना मेट

बेटा, जय भीम. तू नाव लिहिलं नाहीस, पण अजनीचा चाबीवाला, पोरगी सिकलसेलची, छागलवाला, एवढ्यावरून मला समजलं. मी तुझ्या बाबांसोबत गँगमध्ये होतो, त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. मी मेट, म्हणजे गँगचा मुकादम होऊन रिटायर झालो. ते माझ्या आधी मेट व्हायला पाहिजे होते, सीनियर तेच होते.

ते का झाले नाहीत हे लोकांना माहीत पाहिजे. प्रमोशनची ऑर्डर आली की जागा नागपूरबाहेरची निघायची, आमल्याकडे किंवा बल्लारशाच्या बाजूला. ते लेखी नकार द्यायचे. रेल्वेत प्रमोशन नाकारलं की वर्षभर पुन्हा नाव येत नाही. वर्ष झालं की पुन्हा ऑर्डर, पुन्हा नकार. साहेबांनी एकदा बोलावून विचारलं, पगार वाढतो, हातोडा सुटतो, तुला नको का? ते म्हणाले, ‘साहेब, मेडिकल माह्या घरापासून सायकलीनं दहा मिनिटांवर आहे.’ मी तिथे उभा होतो, म्हणून शब्द न शब्द सांगतो.

आणखी एक. जानेवारीतली पहाट होती, थंडी कडाक्याची. खापरीच्या अलीकडे त्यांना रुळाला तडा दिसला, आरपार. अशा वेळी काय करायचं ते नियमात आहे: लाल झेंडी दाखवत गाडीच्या दिशेने पळायचं, 600 मीटरवर एक फटाका रुळावर लावायचा, मग 1200 मीटरवर दहा-दहा मीटरच्या अंतराने तीन. चाक त्यावरून गेलं की स्फोट होतो आणि ड्रायव्हर गाडी उभी करतो. हे कागदावर सोपं आहे. खडीवरून धावून पाहा एकदा. त्यांनी ते सगळं केलं, गाडी थांबली, आमची गँग पोहोचली, जोड बसवून आम्ही गाडी बैलगाडीच्या चालीनं काढली. त्यांना बक्षीस मिळालं, प्रमाणपत्र मिळालं, ते तुमच्या घरी असेल.

पण मला आठवतं ते नंतरचं. सगळं निपटल्यावर मी म्हटलं, ‘दादा, आता चहा घ्या, बसा.’ ते म्हणाले, ‘पुढची बीट पाह्याची राह्यली,’ आणि निघून गेले. बीट पूर्ण करून आले, हातोडा ठेवला आणि सायकल घेऊन थेट मेडिकलला. तू तिथे भरती होतीस त्या दिवशी.

---

अजनीची लेक

काका, जय भीम. प्रमाणपत्र घरी आहे, आईच्या शिलाई मशीनच्या वरच्या भिंतीला. गाडी थांबवल्याचं आम्हाला माहीत होतं. मी त्याच दिवशी भरती होते हे आईलाही आज तुमच्याकडूनच कळलं. बाबा वॉर्डात आले तेव्हा नेहमीसारखेच आले होते. त्यांनी मोसंबी सोलून दिली असेल, दुसरं काय.

प्रमोशनचं आईला माहीत होतं. प्रत्येक वेळी दोघं बसून ठरवायचे. आईच म्हणायची, घ्या, मी सांभाळते. बाबा म्हणायचे, ‘तू सांभाळशील मला ठाऊक आहे. मलेच जमणार नाही.’

---

सावजी आणि संत्री

ताई, तुमच्या बाबांना वंदन. आमच्या आबांची आठवण आली म्हणून लिहितो, विषयांतर वाटलं तर माफ करा.

आमचे आबा एम्प्रेस मिलमध्ये साचा चालवायचे. 1877 साली जमशेदजी टाटांनी सुरू केलेली मिल, नागपूरच्या किती पिढ्या तिच्या भोंग्यावर उठल्या आणि जेवल्या. 2002 मध्ये कायमची बंद झाली तेव्हा आबा पन्नाशीत होते. दुसरं काम येत नव्हतं. कॉटन मार्केटमध्ये पहाटे संत्र्याच्या गाड्या उतरवायला जायला लागले. मृगाचा बहार आला की घरी येताना टोपलीभर दबलेली संत्री आणायचे, विकली न जाणारी. आई त्याचा रस काढायची आणि सालं वाळवायची. आम्हा तिघा भावांचं शिक्षण त्या हमालीवर झालं. आबांनी मिलबद्दल कधी कडवट शब्द काढला नाही. फक्त रात्रपाळी सुटायच्या वेळी त्यांना जाग यायची, मिल बंद झाल्यावर कितीतरी वर्षं.

ही माणसं एकाच मातीची होती.

---

अजनीची लेक

विषयांतर कसलं. असंच लिहा. भोंग्याच्या वेळेला येणारी जाग मला समजते. निवृत्तीनंतर बाबाही रेल्वे लाइन ओलांडताना थांबून एकदा डावीकडे आणि एकदा उजवीकडे रूळ न्याहाळायचे. गाडी येते का ते पाहून झाल्यावर, पुन्हा एकदा, रूळ पाहायला.

---

वर्धा रोड

फार सुंदर लिहिलंय. आईंबद्दल अजून वाचायला आवडेल. त्या कशा आहेत? दोघांचं नातं कसं होतं?

---

अजनीची लेक

आई बरी आहे. जेवते, बोलते, मधेच गप्प होते.

आई शिवणकाम करायची. रेल्वे कॉलनीतल्या बायकांचे ब्लाउज, शाळेचे गणवेश. बाबा ड्यूटीवरून आले की अंघोळ करून तयार कपड्यांची पिशवी सायकलला लावायचे आणि घरोघरी पोचवून यायचे. माप चुकलं तर बायका बाबांनाच सांगायच्या: काखेत घट्ट होतं, बाही एक बोट खाली हवी. बाबा ते जसंच्या तसं येऊन सांगायचे, लाजायचे नाहीत. रेल्वेतले काही जण हसायचे, की बायकोचे ब्लाउज वाटत फिरतो. बाबा म्हणायचे, ‘तिची मेहनत हाय, मी निस्ती पोचवतो.’ रविवारी सकाळी ते मशीन उघडून साफ करायचे, कापसाच्या बोळ्याने शटलमधला कचरा काढायचे आणि तेलाचे थेंब सोडायचे. ज्या हातांनी आठवडाभर रुळावर हातोडा चालवला त्याच हातांनी.

पन्नाशीनंतर आईला संधिवात झाला. बोटं वाकडी व्हायला लागली. मशीन सुटलं, ते तिला फार लागलं. पण त्याहून जास्त लागली वेणी. आईचे केस लांब, रोज सकाळी तेल लावून घट्ट वेणी घालायची तिची सवय. बोटं वळेनात तेव्हा एक दिवस म्हणाली, आता केस कापून टाकते. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फणी घेऊन तिच्या मागे बसले. पहिले काही दिवस वेणी सैल व्हायची, दुपारपर्यंत सुटायची. मग माझ्या मुलीला बोलावून तिच्याकडून शिकले: तीन बटा कशा धरायच्या, मधली कुठून वर घ्यायची, शेवटी रबर किती वेढे. यंदाच्या जानेवारीपर्यंत आईची वेणी रोज बाबांनीच घातली. दोघं बोलायची नाहीत त्या वेळात. रेडिओ सुरू असायचा.

आता मी घालते. आई म्हणते, तुझी वेणी छान आहे पण तू ओढतेस.

नातं कसं होतं विचारलंत. भांडायचेही. बाबा पैसे उसने द्यायचे आणि मागायचे नाहीत, त्यावरून आई चिडायची. बाबांना पाटवडीचा रस्सा स्वतः करायचा असायचा आणि ते अख्ख्या स्वयंपाकघरात बेसन सांडायचे, त्यावरूनही. पण चार लोकांत एकमेकांचा शब्द खाली पडू दिला नाही, दोघांनीही.

---

विदर्भातली डॉक्टर

मी रक्तविकारांचे रुग्ण पाहते. तुमच्या बाबांनी ताटात जे मांडलं ते आम्ही आजही समुपदेशनात याच क्रमाने सांगतो, म्हणून दोन गोष्टी जोडते. वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी उपयोगी पडतील.

एएस म्हणजे वाहक. तो आजारी नसतो, नेहमीचं आयुष्य जगतो. आई-वडील दोघंही एएस असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल एसएस होण्याची शक्यता 25 टक्के, एएस 50 टक्के आणि पूर्ण निरोगी एए 25 टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिलं मूल एसएस झालं म्हणून पुढची तिघं सुटली असं होत नाही. सोल्युबिलिटीची साधी चाचणी आधी होते, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या पुढच्या चाचणीने नक्की पॅटर्न कळतो. लग्नाआधी करून घ्या. पूर्व विदर्भात तर नक्कीच.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र काढता येतं. 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियानही सुरू झालं आहे, त्यातून तपासण्या वाढल्या आहेत.

आणि ताई, शाळेतल्या बाईंना तुमच्या बाबांनी जे सांगितलं ते अगदी बरोबर. पाणी कमी पडलं की रक्त दाट होतं, विळ्याच्या आकाराच्या पेशी अडकतात आणि वेदना सुरू होतात. शिवाय या मुलांच्या किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, म्हणून लघवीला वारंवार जावं लागतं. अडवलं की मुलं मुद्दाम पाणी प्यायचं टाळतात. हे त्या काळी एका वडिलांनी ओळखलं होतं.

---

अजनीची लेक

डॉक्टर, मनापासून आभार.

लग्नाआधीच्या तपासणीवरून एक आठवलं. माझ्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा बाबा पहिल्याच भेटीत माझा रिपोर्ट समोर ठेवायचे. पोहे यायच्या आधी. आई म्हणायची, जरा बसू तर द्या. बाबा म्हणायचे, ‘पोरगी लपवून द्यायची नाही.’ आणि मुलाचा रिपोर्टही मागायचे. बरेच जण उठून गेले. एका घरातून निरोप आला की मुलगी आजारी आहे तर काही जास्तीचं द्याल का. बाबांनी त्या मध्यस्थाला चहा पाजला आणि पुन्हा यायचं नाही म्हणून सांगितलं. माझ्या नवऱ्याने स्वतःहून तपासून रिपोर्ट आणून दिला, एए. माझी मुलगी एएस आहे, छान आहे, कॉलेजात जाते.

दीक्षाभूमीचंही लिहायचं आहे. 14 ऑक्टोबर 1956 ला बाबा पाच वर्षांचे होते. आजोबांच्या खांद्यावर बसून आले होते, उमरेडकडून, काही वाट बैलगाडीने आणि काही पायी. त्यांना आठवत होतं ते एवढंच: पांढरे कपडे, माणसंच माणसं आणि आजोबांचं घामाने ओलं झालेलं डोकं. पुढे दरवर्षी विजयादशमीला, ड्यूटी कोणतीही असो, वेळ काढून ते तिथे जायचे. त्या दिवसांत नागपूरला येणाऱ्या गाड्यांची गर्दी तुम्हाला माहीत आहे, रजा मिळायची नाही. मग पहाटे चारला जायचे. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून माझ्यासाठी एक पुस्तक आणायचे. स्वतःला वाचायला वेळ लागायचा, अक्षर-अक्षर जोडत वाचायचे, पण पुस्तक विकत घेताना आधी दोन पानं तिथेच उभं राहून वाचून बघायचे. दुखण्यामुळे माझी शाळा फार बुडायची. दहावीपर्यंत मी जे शिकले त्यातलं निम्मं मेडिकलच्या खाटेवर, ती पुस्तकं वाचून.

मी बी.एड. केलं. आता शिक्षिका आहे.

---

रेल्वेतला जुना मेट

बेटा, पुस्तकांचं खरं आहे. जेवायच्या सुट्टीत झाडाखाली बसून मला वाचून दाखवायला लावायचे. म्हणायचे, आधी मला समजू दे, मग पोरीला देतो. मलाही त्यामुळे वाचनाची सवय लागली. या रविवारी घरी येतो, वहिनींना सांग. गँगचा एक फोटो आहे माझ्याकडे, बुटीबोरीचा, त्यात ते हातोडा घेऊन उभे आहेत. तुला द्यायचा आहे.

---

अजनीची लेक

नक्की या काका. आईला सांगितलं. रामेश्वरी भागातलं घर तुम्हाला माहीत आहेच.

---

नरखेडची माहेरवाशीण

ताई, आजवर इथे फक्त वाचत आले, आज पहिल्यांदा लिहिते आहे. माझ्या बहिणीच्या मुलीला गेल्या महिन्यात एसएस निघालं. दीड वर्षाची आहे. बहीण आणि जावई दोघंही पार खचून गेलेत. जावई तर बोलतच नाहीत. तुमच्या बाबांनी दुखण्याच्या रात्री नेमकं काय केलं ते लिहाल का? मला त्यांना वाचून दाखवायचं आहे.

---

अजनीची लेक

बहिणीला आणि जावयांना माझा निरोप सांगा, की मी 40 च्या पुढे आहे, नोकरी करते, संसार करते. हे आधी सांगा. औषधोपचार डॉक्टरांनाच विचारा, मी फक्त बाबा काय करायचे ते लिहिते.

दुखणं सुरू झालं की बाबा आधी घड्याळ पाहायचे आणि वहीत वेळ लिहायचे. मागच्या वर्षीची रेल्वेची डायरी याच कामासाठी ठेवलेली असायची. कुठे दुखतं, कधीपासून, काय खाल्लं, पाणी किती प्यायली, ताप किती. मेडिकलला गेल्यावर डॉक्टर काही विचारायच्या आधी ती डायरी पुढे करायचे. ओपीडीतले डॉक्टर बदलत राहायचे, डायरी तीच असायची. नंतर हायड्रॉक्सीयुरिया सुरू झालं, तेव्हा गोळ्या आणि रक्ताच्या तपासण्यांच्या तारखाही त्यात आल्या. दुखण्याच्या रात्री त्यापुढे खूप कमी झाल्या.

मग शेक. वीट चुलीवर गरम करून जुन्या सुती साडीत गुंडाळायची, स्वतःच्या गालाला लावून पाहायची आणि मग माझ्या पायाला. थंड काही लावू द्यायचे नाहीत. बर्फाने दुखणं वाढतं हे त्यांना एका सिस्टरने सांगितलं होतं. थंडीत पायमोजे, कानटोपी, अंगात दोन स्वेटर. तलावात खेळायला बंदी, पण अंबाझरीच्या काठावर संध्याकाळी बसवायचे.

पाणी एकदम प्यायला सांगायचे नाहीत. दर थोड्या वेळाने वाटीभर. कधी पन्हं, कधी ताक, कधी डाळीचं पाणी, म्हणजे कंटाळा येत नाही. मी नको म्हटलं तर आधी ते स्वतः एक वाटी प्यायचे. ‘मी पेलो, आता तू.’ पहाटेपर्यंत तेही तितकंच पाणी प्यायलेले असायचे.

आणि बोलायचे. बुटीबोरीकडून अजनीपर्यंतची बीट डोळ्यांसमोर उभी करायचे. इथे बाभूळ आहे, इथे मोरीखालून पाणी जातं, इथे मोर येतात, इथला पूल ओलांडताना मागे पाहायचं. मी त्या वाटेने मनातल्या मनात चालायचे. मध्येच झोप लागायची. झोप लागली तरी ते उठायचे नाहीत.

घरी थांबायचं नाही अशा गोष्टी त्यांनी मेडिकलमधून विचारून आतल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिल्या होत्या. ताप 101 च्या वर. छातीत दुखणं किंवा दम लागणं. मूल एकाएकी पांढरं पडणं आणि पोट डावीकडे फुगणं. हात-पाय लुळा पडणं किंवा तोंड वाकडं होणं. यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो की पाऊस, निघायचं. डाव्या बरगडीखाली पाणथरी (प्लीहा) वाढली आहे का ते बोटांनी कसं चाचपायचं हे त्यांनी डॉक्टरांकडून शिकून घेतलं होतं आणि मी लहान असताना रोज सकाळी पाहायचे. दीड वर्षाच्या बाळासाठी हे फार महत्त्वाचं आहे, बहिणीला डॉक्टरांकडून शिकून घ्यायला सांगा. लसी एकही चुकवू नका. आणि रेल्वेत सिकलसेलच्या रुग्णांना तिकिटात सवलत असते, नरखेडहून नागपूरला यायला कामी येईल.

जावई बोलत नाहीत म्हणालात. बाबाही सुरुवातीला बोलत नव्हते, असं आई सांगते. तिनेच त्यांना एकदा मेडिकलला डॉक्टरांसमोर नेऊन बसवलं आणि म्हणाली, यांना सगळं समजावून सांगा, यांना काम दिलं की जमतं. जावयांना डायरी आणून द्या. वेळा आणि पाण्याचं प्रमाण त्यांनाच लिहू द्या.

मी शाळेतून साडेपाचला घरी येते. त्यांना बोलायचं असेल तर इथे निरोप ठेवा, मी नंबर पाठवते. नागपूरला दाखवायला आणाल तेव्हा आमच्याकडेच उतरा. मेडिकल जवळ आहे, आणि बाळासाठी छोटी छागल शिवायला आई कोणाला तरी बसवून सांगेल, माप तिला पाठ आहे.